भाऊजींचं नाक आणि चोवीस चिठ्ठ्या

माणसाला सत्य फार प्रिय असतं, विशेषतः शेजाऱ्याचं. हे तत्त्व आमच्या इमारतीत चोवीस घरांवर रीतसर तपासून पाहण्यात आलेलं आहे. तपासणी अधिकाऱ्यांचं वजन छप्पन्न किलो होतं.

सदर अधिकारी म्हणजे आमच्या घरचे भाऊजी. जात ब्लडहाउंड. म्हणजे वासावरून माग काढणारे ते भले थोरले कुत्रे असतात ना, ज्यांचं नाक कामावर जातं आणि बाकीचं शरीर नुसतं सोबत म्हणून मागून चालतं, त्यातले. माझा मेहुणा शोधपथकात नोकरीला आहे. तिथं भाऊजींनी हरवलेली माणसं आणि पळालेले चोर शोधण्याचं काम सहा वर्षं केलं. पुढे त्यांना निवृत्त करण्यात आलं. (कारण: चोर सापडला की ते त्याच्या मांडीवर डोकं टाकून झोपी जात. वरिष्ठांना हे शिस्तीला धरून वाटलं नाही.)

त्यांना घरी आणलं ते आईसाठी. आईला हल्ली आठवत नाही. फाटकाबाहेर पडली की परतीचा रस्ता विसरते. दोनदा हरवली. दुसऱ्या वेळी सापडली ती तीन बसथांबे पलीकडे, एका चप्पलच्या दुकानात, अनवाणी. मेहुणा म्हणाला, "दाजी, आईंना कुलपात कोंडण्यापेक्षा ह्याला ठेवा. कुलूप काय शोधायला जाणार आहे का?"

कागदोपत्री त्यांचं नाव वेगळं होतं. पण आईनं त्यांना दारात पाहिलं मात्र, ती उठली, स्वतःची खुर्ची रिकामी केली आणि म्हणाली, "या भाऊजी! किती हो वाळलात! घरी कुणी जेवायला घालत नाही वाटतं?" माझे काका, म्हणजे आईचे धाकटे दीर, वारून बारा वर्षं झाली. त्यांचाही चेहरा असाच होता: लोंबते गाल, तांबारलेले डोळे आणि एखाद्या लग्नात आपल्याला मागच्या रांगेत बसवलं असा कायमचा भाव. त्यामुळे नाव ठरलं. खुर्चीही त्यांचीच झाली.

अशा प्राण्याची निगा कशी राखावी याची लेखी माहिती रहिवासी समितीनं माझ्याकडे मागितली होती. ती मी तीन प्रतींत सादर केली. सारांश असा:

कान. हे पाणी पिताना मालकाच्या आधी भांड्यात उतरतात आणि मग घरभर फिरून फरशी पुसतात. दर रविवारी औषध लावून आतून साफ न केल्यास त्यांना एक आंबूस वास येतो. (हा वास घरात सगळ्यांना येतो. ज्यांचं नाक लाखात एक आहे त्या भाऊजींची मात्र त्याबद्दल काही तक्रार नाही.)

लाळ. भाऊजींनी मान झटकली की लाळ अकरा फुटांपर्यंत जाते. छतावर चार ठिकाणी पोचलेली आहे. भिंतीवरचं घड्याळ चार वाजून वीस मिनिटांनी जे बंद पडलं ते तसंच आहे. पाहुण्यांना आम्ही पाण्याच्या आधी टॉवेल देतो.

जेवण. दोन वेळा, थोडंथोडं. जेवल्यावर तासभर उड्या नाहीत, धावणं नाही. नाहीतर एवढ्या मोठ्या छातीच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडतो आणि जीवच जातो, असं पशुवैद्य बाईंनी बजावलंय. ते शांत बसावेत म्हणून आम्ही सगळेच तासभर शांत बसतो. (या तासात बायकोचं आणि माझं जेवढं बोलणं झालं तेवढं लग्नापासून झालं नव्हतं. परिणाम अजून भोगतोय.)

फिरणं. त्यांना आपण फिरवतो हा गैरसमज पहिल्या दिवशी सुटतो. दुसऱ्या दिवशी खांदा. नाक जमिनीला लागलं की स्वतःचं नावसुद्धा ऐकू येत नाही. मी आठ वर्षांपूर्वी सिगारेट सोडली (बायको हे सगळ्या नातेवाइकांना उदाहरण म्हणून सांगते), तरी जिना चढताना मला धाप लागते. कारण रोज संध्याकाळी ते मला ओढत गच्चीवर नेतात आणि पाण्याच्या टाकीमागच्या एका विटेसमोर बसून उसासे टाकतात. कारण अद्याप समजलेलं नाही.

आता कामगिरी. आई त्यानंतर तीनदा हरवली. अनुक्रमे एकोणीस, अकरा आणि सात मिनिटांत सापडली. तिसऱ्यांदा तर तिनंच आम्हाला विचारलं, "तुम्ही सगळे कुठं हरवला होता?" बाकी दिवसभर दोघांचा एकच उद्योग. घरात कंगवा, चष्मा, मोजा, काही पडलेलं दिसलं की आई ते उचलायची, भाऊजींच्या नाकाशी धरायची आणि सांगायची, "ज्याचं त्याला देऊन या, भाऊजी." भाऊजी देऊन यायचे. वस्तू ओली असायची, पण पत्ता कधी चुकला नाही.

इथपर्यंत इमारतीला भाऊजींचं भारी कौतुक होतं. अध्यक्षांनी सूचनाफलकावर त्यांचा फोटो लावला. खाली लिहिलं, 'आपल्या इमारतीचा अभिमान'. तो अभिमान सव्वीस दिवस टिकला.

झालं असं की दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात रोज सकाळी कुणीतरी कचऱ्याची पिशवी ठेवून जायचं. दोन वर्षांत अध्यक्षांनी त्यावर चौदा सूचना लावल्या होत्या. शेवटच्या सूचनेत 'निर्लज्ज' हा शब्द तीनदा होता. एका सकाळी आई जिन्यात थबकली. पिशवीची गाठ तिनं भाऊजींच्या नाकाशी धरली आणि नेहमीचं वाक्य म्हणाली. भाऊजींनी पिशवी तोंडात धरली, तीन मजले चढले आणि अध्यक्षांच्या पायपुसण्यावर नेऊन ठेवली. दार अध्यक्षांनीच उघडलं. भाऊजींनी प्रेमानं त्यांच्या पोटावर डोकं टेकवलं.

समितीची तातडीची बैठक झाली. ठराव असा: 'पिशवी अध्यक्षांच्या दाराशी आढळली असली तरी ती तिथे प्राण्याने ठेवलेली असल्याने, पिशवी ठेवल्याबद्दल प्राण्यास समज देण्यात यावी.' समज देण्यात आली. भाऊजींनी ती चाटली.

पुढच्याच आठवड्यात गच्चीच्या जिन्यात एक पुरुषी सपात सापडली. ती सतरा नंबरच्या इंजिनीयरची होती. भाऊजी आधी त्याच्या दाराशी गेले, मग विचार बदलून सरळ नऊ नंबरच्या शिंपीणबाईंच्या दाराशी जाऊन बसले. इंजिनीयर आत चहा पीत होता. शिंपीणबाई नवरा गेल्यापासून एकट्या. चार दिवस इमारतीला दुसरा विषय नव्हता. त्या काळात शिंपीणबाईंकडे विनाकारण कपडे घट्ट-सैल करून घ्यायला येणाऱ्या बायकांची संख्या नेहमीच्या दुप्पट झाली. पाचव्या दिवशी इंजिनीयर उघडपणे नऊ नंबरमध्ये राहायला गेला आणि विषयच संपला. लोक फार नाराज झाले.

आणि मग एकेका घराच्या लक्षात आलं की भाऊजींना मजला, हुद्दा, वय असं काहीच कळत नाही. आजारपणाची रजा काढून दिवसभर झोपलेल्या मास्तरांना ते शोधून काढत. वाचनालयाची 'हरवलेली' पुस्तकं सचिवांच्या पलंगाखालून निघत. लिफ्टमध्ये भाऊजी शिरले की आतली माणसं उतरून जिन्यानं जायची. (इथंच राहणारे हृदयाचे डॉक्टर म्हणाले, इमारतीची तब्येत सुधारली.)

अर्ज आला. अर्जात सत्याचा उल्लेख नव्हता. लाळ, केस, आवाज, आणि 'लहान मुले घाबरतात' एवढंच होतं. (लहान मुलं त्यांच्या पाठीवर बसून गृहपाठ करायची.) मागणी एकच: सदर प्राण्यास शहराबाहेरच्या पिंजऱ्यांच्या केंद्रात पाठवावे. निर्णय गुप्त मतदानाने. घरटी एक मत.

भाऊजी गेले तर पुढे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दाराला बाहेरून कुलूप, आणि आत आई. बायकोनं ते कुलूप आणून टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाली, "रोज बघ त्याच्याकडे. मतदानापर्यंत."

त्या आठवड्यात मला बाकीच्या तेवीस घरांकडून एकतीस आश्वासनं मिळाली. (काहींनी दोनदा दिली.) "अहो, आमचं मत म्हणजे भाऊजींनाच!" असं सचिव म्हणाले. अध्यक्षांनी तर माझा हात हातात घेतला. "राजकारण वेगळं, प्रेम वेगळं. मी मनानं त्याच्यासोबत आहे."

रविवारी सकाळी अकरा वाजता तळमजल्याच्या हॉलमध्ये मतदान झालं. राहू द्यायचं असेल तर बरोबरची खूण, पाठवायचं असेल तर फुली. पेटी म्हणून अध्यक्षांच्या नव्या बुटांचा खोका. माझ्या घराचं मत मी टाकलं. आई पहिल्या रांगेत, भाऊजी तिच्या पायाशी, अंगठ्यावर लाळ.

मोजणी झाली. बाजूने एक. विरोधात तेवीस.

हॉलमध्ये हळहळ पसरली. इतकी खरी हळहळ मी कुठल्या अंत्ययात्रेत पाहिलेली नाही. सचिवांनी डोळे पुसले. "कोण असतील हो असली माणसं!" मास्तर म्हणाले. "तोंडावर गोड बोलतात आणि..." अध्यक्ष खेदानं मान हलवत म्हणाले, "लोकशाही आहे. काय करणार?" बायकोनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "एक तरी होतं ना आपलं," ती म्हणाली. मी मान डोलावली.

अध्यक्षांनी चिठ्ठ्या परत खोक्यात कोंबल्या. एक खाली पडली. आईनं ती उचलली, उलटीसुलटी पाहिली आणि भाऊजींच्या नाकाशी धरली.

"ज्याचं त्याला देऊन या, भाऊजी."

चिठ्ठ्यांवर अध्यक्षांचा हात लागलेला होताच. पण तो वास भाऊजींनी केव्हाच वजा करून टाकला होता. ते उठले, खुर्च्यांमधून वाट काढत मास्तरांपाशी गेले आणि ओली चिठ्ठी त्यांच्या मांडीवर ठेवली. फुली. शेजारच्या डॉक्टरांनी ती वाचली. मोठ्यानं.

"घ्या, अजून आहेत की," आई म्हणाली आणि खोका मांडीवर घेतला. नीटनेटकेपणा तिचा आधीपासूनचा.

पुढची वीस मिनिटं इमारतीच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्यासारखी आहेत. डॉक्टर: फुली. सचिव: फुली, तीही दोनदा गिरवलेली. अध्यक्ष: फुली, आणि कोपऱ्यात एक छोटी पिशवी काढलेली. कुणी दाराकडे निघालं की भाऊजी मागोमाग जात आणि बाहेर पोच करून येत. एकानं चिठ्ठी गिळली. भाऊजी त्याच्या पोटाकडे बघत बसले. लोक ओरडत होते, हसत होते, एकमेकांच्या चिठ्ठ्या हिसकावत होते. "तुम्हीसुद्धा?" "तुम्ही बोलूच नका!" लाळ छताला लागली होती. आई टाळ्या वाजवत होती.

बाविसावी चिठ्ठी शिंपीणबाईंची. बरोबरची खूण. सगळ्यांनी माना वळवल्या. त्या कापडाच्या पिशवीत चष्मा ठेवत म्हणाल्या, "बघता काय असे? माझं सगळं आधीच चव्हाट्यावर आलंय. मला आता कुत्र्याची कसली भीती?"

बायकोचा हात माझ्या पाठीवरून निघाला. तिनं हिशेब केला असावा. बाजूनं मत एकच होतं.

तेविसावी इंजिनीयरची. (फुली. शिंपीणबाईंनी ती घडी करून ठेवून घेतली. घरी गेल्यावर काय झालं ते ठाऊक नाही, पण दोन्ही सपाता आता सतरा नंबरच्या दाराबाहेर आहेत.) मग भाऊजी आईकडून शेवटची चिठ्ठी घेऊन वळले. घाई नाही, राग नाही. माझ्यासमोर आले, चिठ्ठी माझ्या गुडघ्यावर ठेवली आणि तिच्यावरच डोकं टाकून डोळे मिटले. चोर सापडल्यासारखे.

बायकोनं त्यांच्या गालाखालून चिठ्ठी ओढून काढली. पाहिली. नाकाला लावली.

"टाकीमागची तिसरी वीट," ती म्हणाली. "गेल्या महिन्यातच बघून आले मी. म्हटलं, स्वतःहून सांगेल. कुत्रं रोज नेऊन बसवतंय, तरी सांगेना." मग अगदी हळू, "सिगारेटच्या एका पाकिटापायी आईंना कुलपात घालत होतास?"

आई म्हणाली, "रागावू नकोस गं त्याला. लहानपणापासून हरवतो तो."

मागून कुणीतरी सुचवलं की मतदान हात वर करून परत घ्यावं. भाऊजी उठून हॉलच्या मधोमध बसले. चोवीस हात वर गेले. ठराव एकमताने मंजूर. इतिवृत्तात नोंद आहे की 'रहिवाशांचे प्राणिप्रेम पाहून सभा भारावून गेली.' कुलूप बायकोनं गच्चीच्या दाराला लावलं. किल्ली आईकडे आहे आणि ती कुठं ठेवलीय हे आईला आठवत नाही.

आता तुम्ही. बराच वेळ हसताय. मनात म्हणताय, काय नीच माणसं असतात. मी असतो तर बरोबरचीच खूण केली असती. शंभर टक्के केली असती. अध्यक्षही तेच म्हणाले होते, माझा हात हातात घेऊन. वाद कशाला? हे पान तुम्ही इतका वेळ बोटांत धरून ठेवलंय, तेवढं पुरे आहे. फाडा आणि आमच्या पत्त्यावर पाठवून द्या. तुमचं नाव, पत्ता काही लिहू नका.

भाऊजी येतीलच घेऊन.