सुटा मका

शनिवारी सकाळी ताउनोने जाहीर केलं की आपण सुटा मका आणायला चाललोय. सायमाने कॉफीचा कप खाली ठेवला.

"सुटा म्हणजे?"

"सुटा म्हणजे सुटा. पोत्यातला नाही. गिरणीत गाडी लावायची, वरून नळा सोडतात, गाडीचा मागचा उघडा हौदा भरला की निघायचं. आजवर आपण पोत्यातला मका चमच्याने वाढत होतो, सायमा. हरणांना ते कळतं. त्यांनाही मान असतो."

"मान लेम्पीकडे मिळतो त्यांना," सायमा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

खिडकीबाहेर बर्फ होता. दुसरं काही नव्हतं. सायमाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं नोव्हेंबरात. तेव्हापासून तिचं जग म्हणजे स्वयंपाकघरातली खुर्ची, विणकामाची टोपली, फोन आणि ही खिडकी. दरवर्षी या खिडकीतून निदान सहा-सात हरणं दिसायची. यंदा एकही नाही. सगळी दोन मैलांवर तिच्या थोरल्या बहिणीकडे, लेम्पीकडे, मुक्कामाला गेली होती. आणि लेम्पी ही बातमी स्वतःपाशी ठेवणाऱ्यांतली नव्हती. रोज सकाळी नऊला तिचा फोन यायचा.

"आज चौदा! रूसू पण आली होती, ती फाटक्या कानाची. तुझ्याकडे किती गं?"

"अजून नीट उजाडलं नाही इकडे."

"नऊ वाजले, सायमा."

"आमच्याकडे झाडं जास्त आहेत."

आता उद्या, रविवारी दुपारी दोनला, लेम्पी कॉफीला येणार होती. फोन ठेवता ठेवता म्हणाली होती, "तुझं अंगण बघते येऊन. हरणं नसली तरी बर्फ छानच असेल की." त्यानंतर सायमाने अख्खी संध्याकाळ एक शब्द न बोलता विणकाम केलं होतं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झालेल्या माणसाला त्या सुयांचा आवाज कळतो. उद्या दोनच्या आत अंगणात हरीण उभं करणं भाग होतं.

अडचण एकच होती. ताउनोची गाडी एकवीस वर्षांची होती आणि एकवीसच्या एकवीस हिवाळे तिने रस्त्यावरचं मीठ खाल्लं होतं. हौद्याच्या मागच्या कोपऱ्यात गंजून भोक पडलं होतं. ताउनोने त्यात सायमाचा एक जुना लाल लोकरी हातमोजा कोंबला, बुटाने ठोकला, आणि समाधानाने आत येऊन कॉफी ओतून घेतली.

"भोक बुजवलं का?" सायमाने विचारलं.

"बोटभर तर भोक. पाणीसुद्धा गळणार नाही आता."

सायमाने कुबड्या घेतल्या. "जरा हवा बघून येते," म्हणाली.

फेब्रुवारीत पाइक क्रीक गावात हवा बघायला कोणी बाहेर जात नाही, ती घरात बसूनही कळते. पण ताउनो डोक्यात मका घेऊन बसला होता. सायमा पाच मिनिटांनी परत आली, कुबड्यांचा बर्फ झटकला आणि म्हणाली, "गार आहे."

गिरणीवाल्या डेलने नळा सोडला. सहाशे किलो पिवळाधमक मका धबाबा हौद्यात कोसळला. खाली जमिनीवर मका सांडलेला होताच, गिरणीत तो नेहमीच सांडलेला असतो, त्यामुळे आणखी थोडा सांडतोय हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ताउनो फाटकातून बाहेर पडला तेव्हा मात्र डेल मागून दोन्ही हात हलवत धावत आला. ताउनोने आरशात पाहिलं. चाळीस वर्षांच्या ओळखीत डेल त्याला निरोप द्यायला कधी धावला नव्हता. ताउनोला भरून आलं. त्यानेही हात हलवला.

त्या दिवशी गावात सगळेच हात हलवत होते. समोरून येणारे गाड्यांचे दिवे उघडझाप करत होते. बर्फ उपसणाऱ्या गाडीचा चालक तर खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला आणि ताउनोच्या मागे बोट दाखवत काहीतरी ओरडला. रेडिओवर पोल्का नाचाचं संगीत मोठ्याने लागलं होतं. एवढा मका नेणाऱ्या माणसाकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात, हे ताउनोला पहिल्यांदाच कळलं. तो दोन्ही बाजूंना हात करत, निवडून आल्यासारखा, मेन स्ट्रीटवरून गेला.

वाटेत तो दोनदा थांबला. एकदा बेकरीपाशी. ते का, हे आपण इथे बोलायला नको. डॉक्टरांनी त्याला ऑगस्टात साखर बंद केली होती आणि ऑगस्टापासून आपण डोनटकडे बघितलंही नाही, असं तो सायमाला दर रविवारी सांगत असे. दुसऱ्यांदा तो लेम्पीच्या फाटकाशी थांबला, शत्रूची तयारी बघायला. लेम्पीच्या अंगणात चौदा होती. त्याने दोनदा मोजली. फाटक्या कानाच्या रूसूने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिची नजर गाडीकडे नव्हती, गाडीच्या मागे होती.

घरी येऊन ताउनोने गाडी थेट मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लावली. फावडं घेतलं, हौद्याचं फळकं खाली पाडलं आणि तो तसाच उभा राहिला.

हौद्यात जेमतेम दोन बादल्या मका होता. कोपऱ्यातल्या भोकातून शेवटचे दाणे एकेक करून, सावकाश, बर्फावर पडत होते. हातमोजा नव्हता.

तो आत आला. सायमाच्या मांडीवर फोन होता.

"सायमा, मका गळला."

"माहितीये. डेलचा फोन आला होता. म्हणाला, त्याला सांग, थांब. मी म्हटलं, तो आता थांबेल तो बेकरीतच थांबेल."

"बेकरी? कुठली बेकरी?"

"मग बेकरीतून फोन आला. म्हणे, तुमचा मका दारातून उचला, गिऱ्हाइकांना आत येता येत नाहीये. गुडघ्याएवढा ढीग आहे, ताउनो."

ताउनो खाली बसला.

"मग बर्फ उपसणाऱ्याचाही फोन आला. रस्त्यावर नुसती रेघ पडलीये, म्हणजे तिथे गाडी चालत होती," सायमा शांतपणे विणत म्हणाली. "लेम्पीच्या फाटकाशी घोट्याएवढा ढीग. म्हणजे तिथे तीन-चार मिनिटं. बेकरीशी गुडघ्याएवढा. म्हणजे दहा मिनिटं. डोनटला किती वेळ लागतो तुला?"

"दोन मिनिटं," ताउनो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण उत्तर दिलं.

"पाच," सायमाने हिशेब पुरा केला. "पाच खाल्लेस."

"चार! एक हातात घेऊन निघालो होतो."

त्या संध्याकाळी सुयांचा आवाज वेगळाच होता. ताउनोला तो ओळखता येईना.

रविवार उजाडला. खिडकीसमोर दोन बादल्या मक्याचा ढीग आणि त्यावर दोन निळे पक्षी व एक खार. हरीण एकही नाही. साडेबारा वाजले, एक वाजला. सायमाने केस विंचरले, वेलची घातलेला निसू, आपला गोड पाव, कापून ताटलीत मांडला, चांगले कप काढले आणि खुर्चीत बसून खिडकीकडे बघत राहिली. ताउनोला ते बघवेना. तो शेडमध्ये गेला आणि उन्हाळ्यात फुलझाडांत ठेवायचं प्लास्टरचं हरीण काखेत मारून घेऊन आला. पाठीवर थोडा बर्फ थापून त्याने ते झुडपाआड उभं केलं.

"ते काय आहे?" सायमाने खिडकी थोडी उघडून विचारलं.

"हरीण."

"त्याला एकच कान आहे."

"रूसूचाही फाटकाच आहे."

"ताउनो, त्याच्या पोटावर दुकानाची चिठ्ठी आहे."

ताउनोने पोटाला बर्फ लावला.

दोन वाजले. लेम्पी आली नाही. सव्वादोन झाले. लेम्पी आयुष्यात कधी कशाला उशिरा गेली नव्हती, स्वतःच्या लग्नाला ती नवऱ्याच्या आधी हजर होती. अडीचला सायमा खिडकीला नाक लावून म्हणाली, "अरे ताउनो... ते बघ."

वळणावरून लेम्पीची गाडी येत होती. चालत्या माणसाने मागे टाकावी अशा वेगाने. चारही दिवे लुकलुकत होते. आणि गाडीच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध, एकामागे एक, माना खाली घालून हरणं येत होती. मक्याची रेघ जिथून जाईल तिथून, दाणा दाणा टिपत. सगळ्यांत पुढे फाटक्या कानाची रूसू. लेम्पीने भोंगा वाजवला. रूसूने कान हलवला, चांगला असलेला, आणि आणखी सावकाश चालायला लागली.

रेघ फाटकाशी वळली. रूसू वळली. मागची सगळी वळली. रेघ घराला वळसा घालून अंगणात आली आणि तिच्याबरोबर सगळी फौज येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, सायमाच्या नाकापासून दहा पावलांवर, दोन बादल्यांच्या ढिगाभोवती उभी राहिली. सायमा काचेवर हात टेकून बसली होती. तिचा श्वास काचेवर उमटत होता आणि ती तो बाहीने पुसून पुसून बघत होती.

लेम्पी बूट न काढताच आत आली. "अगं, ही माझी आहेत! दोन मैल मी त्यांच्या मागून पहिल्या गिअरमध्ये आलेय!"

"ये, बस. कॉफी गार होतेय," सायमा म्हणाली.

"ती रूसू आहे!"

"असेल. नाव लिहिलंय का कुठे?"

लेम्पी खिडकीशी आली. तिचे ओठ हलू लागले. सवय वाईट असते, समोर हरणं दिसली की ती मोजणारच. "सतरा... अठरा... एकोणीस..." म्हणजे चौदा तिची आणि पाच गावातली, बेकरीकडून आलेली. मग तिचं बोट झुडपाकडे गेलं. "वीस. ते मागचं तर बघ, किती धीट आहे. हलतसुद्धा नाही."

ताउनोने निसूचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, म्हणजे बोलायला नको.

"वीस," सायमा म्हणाली. "तूच मोजलीस हं, लेम्पी. उद्या नऊला मीच फोन करेन तुला."

लेम्पी तीन कप कॉफी प्यायली आणि तिन्ही कप संपेपर्यंत ती हवामानाबद्दल बोलली. ती गेली तरी हरणं गेली नाहीत. दोघं कितीतरी वेळ खिडकीशी बसून राहिली.

"सायमा," शेवटी ताउनो म्हणाला, "एक कोडं आहे. तो हातमोजा मी बुटाने ठोकला होता. पडला कसा?"

सायमाने विणकामाची टोपली पुढे ओढली, लोकरीत हात घातला आणि लाल हातमोजा काढून टेबलावर ठेवला. त्यावर बुटाचा ठसा होता.

"तू... हवा बघायला गेली होतीस तेव्हा?"

"मला बेकरीचं तेवढं बघायचं होतं. वाटलं, मूठभर दाणे सांडतील, कळेल कुठे थांबतोस ते. बोटभर भोक म्हणाला होतास तू." तिने बाहेर पाहिलं. रूसू प्लास्टरच्या हरणाचा एकुलता एक कान चाटत होती. "लिंबाएवढं आहे हे सांगायला काय झालं होतं?"

ताउनोने हातमोजा उचलून तिच्या टोपलीत नीट परत ठेवला.

"पुढच्या शनिवारी पुन्हा जाऊ का? सुटा आणायला?"

"जा की. भोक तसंच ठेव." सायमाने सुया हातात घेतल्या. "आणि दहा मिनिटं कशाला, बारा थांब. माझ्यासाठी एक आण. जाम भरलेला."