मुंग्यांचा शुक्रवार

एक पांढरी बशी, तिच्यात पाच ग्रॅम साखर, एक भिंग, एक घड्याळ, एक वही, बसायला एक पाट आणि अकरा मुंग्या. शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हर्षितासमोर एवढा ऐवज होता. गुरुवारी याच वेळी याच बशीत एकशे बेचाळीस मुंग्या होत्या, बुधवारी एकशे एकोणचाळीस. मंगळवारी मात्र तेरा. तिनं अकरा पुन्हा मोजल्या. अकराच भरल्या.

चौऱ्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात बंगळूरच्या एका विज्ञानसंस्थेनं बी.एस्सी.च्या मुलांना आठ आठवडे संशोधनाला बोलावलं होतं. प्रत्येकाला एक मार्गदर्शक, आणि शेवटी सगळ्या प्राध्यापकांसमोर वीस मिनिटांचं भाषण. ज्याचं काम उत्तम ठरेल त्याला हिवाळ्यात पुन्हा बोलावणं. हर्षिताला ते बोलावणं इतकं हवं होतं, की त्याचा विचार आला की तिला जेवण जात नसे.

तिचे मार्गदर्शक डॉ. गिरीधर जयनगरचे, घरी मराठीच बोलणारे. प्रयोगशाळेतल्या मुंग्या आधीच दुसऱ्यांना वाटल्या गेल्यामुळे त्यांनी तिला घरच्याच मुंग्या घ्यायला सांगितलं आणि एकच नियम दिला. "दिसेल ते लिहायचं. वाटेल ते नाही."

बसवनगुडीतल्या हर्षिताच्या वठारात मुंग्यांना तोटा नव्हता. एका आवारात ओळीनं सहा बिऱ्हाडं. पुढं सहा दारं, मागं सगळ्यांची मिळून एक भिंत, आणि भिंतीच्या बुडाशी वारूळ. हर्षिता रोज सहाला मागच्या बाजूला पाटावर बसे. पुढच्या दारी ती उगवे ती थेट आठला, बस गाठायला धावत.

तीन आठवड्यांचे आकडे पाहून सरांनी आधी तिच्यावरच संशय घेतला. मंगळवारी आणि शुक्रवारी तुला झोप अनावर होते का, असं विचारलं. मग संशय साखरेवर गेला, मग नळाच्या पाण्यावर. हर्षितानं साखर बदलली, बशी बदलली, पाटसुद्धा बदलला. आकडे बदलले नाहीत. तेव्हा सरांच्या संशयाचा आनंद झाला. मंगळवार ते शुक्रवार तीन दिवस, शुक्रवार ते मंगळवार चार, सरासरी साडेतीन.

"साडेतीन दिवसांचं चक्र," नातू झाल्याची बातमी द्यावी तशा आवाजात ते म्हणाले. भाषणाचं शीर्षक दुसऱ्याच दिवशी सूचनाफलकावर लागलं.

घरी वडिलांनी, म्हणजे वासुदेवरावांनी, हे संशोधन सोप्या भाषेत देवळापर्यंत पोहोचवलं: मुंग्यांना वार कळतात. शेजारच्या लक्ष्मीदेवींना, ज्यांना सगळं वठार अक्का म्हणे, यात नवल वाटलं नाही.

"देवीचे वार ते," अक्का म्हणाल्या. "उपास करत असतील."

मुंगीएवढा जीव उपास करतो आणि आपण माणसं मागं राहायची, हे बरं दिसेना, म्हणून अक्कांनी दोन्ही वारांचं सगळंच वाढवलं: फुलं, आरत्या, दारातली रांगोळी, प्रसादाचे चणे. पुढच्या शुक्रवारी बशीत तीन मुंग्या आल्या. त्यानंतरच्या मंगळवारी एकही नाही. विज्ञानात शून्य मिळायला नशीब लागतं, असं सर म्हणाले.

भाषणाच्या आठवड्यातल्या मंगळवारीही शून्यच आलं. मागच्या शून्याला हर्षिता आठपर्यंत बशीवर नजर ठेवून बसली होती. या वेळी मोजायलाच काही नसल्यामुळे सहा वाजून दहा मिनिटांनीच ती उठून पुढच्या दारी आली.

अक्कांच्या दारात सोळा पाकळ्यांचं कमळ होतं. पाकळ्या चालत होत्या.

"अक्का, ही रांगोळी कशाची?"

"तांदळाच्या पिठाची. मुंग्यांनी खावं म्हणूनच घालायची गं, पुण्य लागतं."

"रोज?"

"रोज कोण दळत बसणार? मंगळवार, शुक्रवार. बाकीचे दिवस दगडाची पूड." मग अक्का थोड्या अभिमानानं म्हणाल्या, "हल्ली स्वल्प मोठी घालते."

हर्षितानं त्याच दिवशी सरांना सगळं सांगितलं. सरांनी विचारलं, पीठ कोरडं की भिजवलेलं. कोरडं, ती म्हणाली.

"पण एका रांगोळीपायी मी साडेतीन दिवस सोडायचे? शुक्रवारी त्यांना पूड घालायला सांग. मुंग्या बशीकडे आल्या तर चक्र खोटं. नाही आल्या तर दुपारी तीनला भाषण आहे तसं."

अक्कांना पटवायला अर्धा तास लागला. ऐन शुक्रवारी मुक्या जिवांना उपाशी ठेवायचं हे त्यांच्या गळी उतरेना.

"पण अक्का, त्यांचा उपासच असतो ना?"

अक्कांनी यावर विचार केला. "सरी," त्यांनी कानडीत होकार दिला. "एकच शुक्रवार हं."

शुक्रवारी पावणेसहालाच सर स्कूटरवरून हजर झाले. सहा वाजून दहा मिनिटांनी बशीत सात मुंग्या होत्या.

सरांनी चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न केला. "चक्र आहे, हर्षिता."

हर्षितानं वहीत सात लिहिले. भाषण बचावलं होतं, शीर्षक बचावलं होतं, हिवाळाही जवळजवळ पदरात पडला होता. वही मिटायची तेवढी बाकी होती. पण बाकीच्या मुंग्या गेल्या कुठं, हे तिला कळलं नव्हतं, आणि ते न कळता वही मिटणं तिला जमेना. ती उठून पुढं गेली. सर मागोमाग आले.

अक्कांच्या दारात पुडीचं कमळ पांढरंशुभ्र, निश्चल होतं. उरलेल्या पाचही दारांत काळ्या रेघा वळवळत होत्या.

"मी शब्द पाळला," अक्का घाईनं म्हणाल्या. "पूडच घातली. पण जीव राहीना, म्हणून काल घरोघर सांगून आले, की आज माझ्या वाटणीचं तुम्ही घाला."

पाचवी रांगोळी हर्षिताच्याच दारात होती. तिची आई वसुमती पिठाचे हात पदराला पुसत उभी होती.

"तुझ्याच मुंग्या ना गं," आई म्हणाली. "मी दोन मुठी जास्त घातलं."

सरांनी पाचही दारांवरून एकदा नजर फिरवली. मग त्यांनी पँट दोन घड्या वर दुमडली, हर्षिताकडून भिंग मागून घेतलं आणि डावीकडच्या पहिल्या रांगोळीशी उकिडवे बसले. तीन दारं त्यांनी मोजली, दोन हर्षितानं.

वेळ सहा वाजून पन्नास मिनिटं. बशीतल्या साखरेवर मुंग्या : सात. पुडीच्या रांगोळीवर : शून्य. पिठाच्या पाच रांगोळ्यांवर मिळून : सहाशे अठ्ठ्याऐंशी.