आत्यासाहेबांच्या पावडरीवरील स्वारी आणि जाळीचा पाडाव

हकीकत ऐसीजे. कचेरीचे खासे हेडक्लार्क, अर्जांचे काळ, घरी 'राव' या किताबाने मशहूर, यांस दमा लहानपणापासोन. छातीत शिट्टी वाजो लागली म्हणजे सारे घर दम धरी आणि राव दम शोधीत. त्यांचे मर्दुमकीची आणि अकलेची कथा काही न झाकता लिहिली आहे; झाकण्याजोगे बहुत होते.

त्या साली उन्हाळा कडक. राव कचेरीतून येत आणि खोलीचे दार लावून शीतयंत्र, जयास रयत एसी म्हणते, अठरावर सोडीत, आणि मग तासाभरात खोकला उसळे. दम्याच्या औषधाचा महिन्याचा पंप आठवड्यात आटोपला. डॉक्टरांनी ताकीद दिली की घरातच काही बाधते आहे, ते शोधा, नाहीतर इस्पितळात दाखल व्हा.

मग मसलत बसली. मसलतीस एकटे रावच होते. राव बोलिले आणि रावांनीच मान डोलविली. प्रथम गालिचा कैद होऊन गच्चीवर गेला, मग पडदे, मग उशा, आणि शिट्टी कायम. अखेर नजर आत्यासाहेबांवर गेली. या रावांच्या आत्या. आईमागे यांनीच रावांस वाढविले. वय सत्तर, दौलत म्हणावी तर एक पिशवी आणि पावडरीचा एक डबा. पावडर हीच गनीम ऐसा निवाडा होऊन डबा जप्त जाहला. आठ दिवस लोटले तरी शिट्टी थांबेना, तेव्हां रावांस शक आला की आत्यासाहेब चोरून लावितात, आणि फर्मान सुटले की त्यांनी हवापालटास रावांचे धाकट्या भावाकडे जावे. रावांच्या पत्नी बाईसाहेब बोलिल्या की डोके ठिकाणावर आहे का. तो मजकूर रावांनी दप्तरी घेतला नाही. आत्यासाहेब मुकाट पिशवी भरू लागल्या. हे लिहितां बखरकाराची मान खाली जाते.

इतक्यात यंत्र गळू लागले, आणि पाणी नेमके रावांचे पलंगावर. सबब मेकॅनिक बोलाविला. तो शिडीवर चढला आणि झाकणावर चिकटविलेला कागद मोठ्याने वाचू लागला :

"'झाकण उघडू नये. धूळ उडते. दमेकऱ्यास त्रास होतो. हुकमावरून.' हे कोणी लावलं?"

अक्षर वळणदार, सही रावांची, तारीख तीन वर्षांपूर्वीची. तीन वर्षे घरात हुकूम मोडण्याची कोणाची छाती जाहली नव्हती, आणि त्या पायी रावांची छाती कामी आली. मेकॅनिकाने रावांस दाराबाहेर पिटाळले आणि झाकण उघडले, तो जाळीवर धुळीची गोधडी आणि आत काळी बुरशी.

"जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायची असते साहेब," तो म्हणाला, "तिच्यावर कागद लावायचा नसतो."

बाईसाहेब पोट धरून हसल्या. राव लाजेने हसावयास गेले तो दम्याने गाठले. खिशातील पंप दाबिला, तो रिकामा. राव भिंत धरून खाली बसले आणि ओठ निळे पडो लागले. तेव्हां आत्यासाहेबांनी बांधलेली पिशवी सोडिली, साड्या बाजूस सारून तळातून कोरा पंप काढिला आणि रावांचे तोंडी धरिला. दम परतल्यावर रावांनी खुणेनेच पुसले की हा पिशवीत कैसा.

"तू विसरतोस म्हणून एक नेहमी माझ्याजवळ असतो," आत्यासाहेब म्हणाल्या. "सवयीनं भरला गेला बघ."

राव मोठे हेडक्लार्क, परंतु आत्याच्या मांडीवर डोके ठेवून ढसाढसा रडले.

येणेप्रमाणे गनीम पाडाव जाहला. जाळी नळाखाली धुतली, बुरशी खरवडली, यंत्र पंचविसावर आले, आणि दहा दिवसांत शिट्टी थांबली. डबा इतमामाने परत केला. जुना कागद फाडून बाईसाहेबांचा हुकूम जाहला की दर दुसऱ्या रविवारी रावांनी तोंडास फडके बांधून जाळी धुवावी, आणि पाजळलेली अक्कल स्वहस्ते लिहून ठेवावी. फत्ते आत्यासाहेबांची. पिशवी रिकामी करून खुंटीस टांगिली. लेखन दस्तुरखुद्द, पराभूत राव.