सुनेची कंबर

ज्ञानेश्वरीला टाके पडले होते आणि ते कुठे पडले होते, हे पुरुषमाणसांसमोर सांगायची सोय नव्हती. आईवडील ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेले, त्यामुळे पहिलं बाळंतपण पाथर्डीजवळच्या सासरीच झालं. सासू पूर्वीच वारलेली. घरात सासरे छगनराव, नवरा हर्षल आणि बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणारी शेजारची म्हातारी साळूबाई. पोरीला पाजायला बसायचं म्हटलं की ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांत पाणी यायचं.

तिचं कण्हणं ऐकून छगनरावांनी एकदा दाराबाहेरून काय झालं म्हणून विचारलं. साळूबाईनं वेळ मारून नेली. "कंबर धरलीय तिची," ती म्हणाली.

छगनराव ऐकून सोडून देणाऱ्यांतले नव्हते. कंबरेला मऊ अंथरूण वाईट, हे त्यांचं ठाम मत. त्यांनी गादी उचलली, बाजेवर फळ्या टाकल्या आणि वर एक सतरंजी अंथरली. पाजताना बसायला पितळी फुल्यांचा पाट आणून दिला. हर्षलला खरं ठाऊक होतं, पण बापासमोर बोलायचं कसं? तोही मुकाट्यानं कंबरेचा पट्टा घेऊन आला.

साळूबाई रोज पाटावर गोधडी घालायची आणि छगनराव रोज ती काढून ठेवायचे. मऊ बसलीस तर जन्माची अधू होशील, असं सुनेला बजावायचे. त्यांची माया खरी होती, म्हणून तर तिला तोंड उघडता येत नव्हतं.

शेवटी ती भिंतीला टेकून उभ्यानंच पाजायला लागली. एका दुपारी तिचे पाय लटपटले आणि पोर हातातून निसटता निसटता राहिली. साळूबाईची हाक ऐकून छगनराव धावत आले. पोर साळूबाईच्या हातात सुखरूप होती. ज्ञानेश्वरी पदर सावरत खाली बसत होती, एका हातावर भार देऊन, एका अंगावर, ओठ दाताखाली दाबून. छगनराव तिच्या त्या बसण्याकडे बघतच राहिले.

"अशी कवापसून बसतीस?"

ती नुसती रडली. तिला खूप दिवसांचं रडू आलं होतं.

छगनराव आत गेले. पत्र्याच्या पेटीच्या तळातून, धोतरांच्या खालून, त्यांनी एक रबरी गादी काढली. हवा भरायची, गोल, मधोमध भोक असलेली. ओसरीवर बसून गाल फुगवून स्वतःच फुंकली, सुनेपुढे आणून ठेवली आणि दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाले,

"धुतल्याली हाय. मागं मी मणक्यासाठी नगरला दवाखान्यात ऱ्हायलो हुतो, ठावं हाय ना?"

"व्हय, मामा."

"मणका न्हवता."

ज्ञानेश्वरीला हसू फुटलं. हसताना टाके ओढले गेले, तरी ते आवरेना. साळूबाई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. छगनराव बाहेर गेल्यावर ज्ञानेश्वरी त्या गादीवर बसली आणि तिनं पोरीला निवांत पदराखाली घेतलं. फार बरं वाटलं तिला.

तेवढ्यात अंगणात हर्षलची मोटारसायकल थांबली. छगनराव लगबगीनं पुढे गेले.

"बरी झाली तिची कंबर," ते म्हणाले. "आता आत जाऊन काय इचारू नको."