ठरावाला घोरपड लागली

एका जंगलात, बाळांनो, सगळं होतं. डोंगर होता, डोह होता आणि मोठ्या हौसेने आणलेली लोकशाहीही होती.

सभा टेकडीवर भरायची. अध्यक्ष होते डोहातले मगरराव. शिळेवर चढून कुणी बोलत असलं, की त्याला थांबवायचं नाही आणि अध्यक्षांनी जागचं हलायचं नाही, असा नियम. मतदानाआधी सूर्य मावळला, की ठराव बाद.

त्या उन्हाळ्यात ओढे आटले. पाणी उरलं फक्त डोहात, आणि डोहाच्या उतारावर मगरराव जबडा उघडून पडलेले. साळू साळिंदरीची तीन पिल्लं तहानेने कासावीस झाली. बिचारीने ठराव मांडला, की मगररावांनी दिवसा उतार मोकळा ठेवावा. सगळे तिच्या बाजूचे होते.

मग मगररावांनी नात्यातल्या घोरपडमावशींना डोळा घातला. मावशी चारी पायांनी शिळेला चिकटल्या. आधी आजोबांचा पराक्रम सांगितला, मग मुंग्यांची चटणी, मग दगडांचे प्रकार. तिसऱ्या दगडापाशी सूर्य मावळला.

तेव्हापासून तिकडे मुद्दाम लांबण लावून ठराव मारला, की 'घोरपड लावली' म्हणतात.

साळू रडवेली होऊन घरी आली. पाहते तर काय, पिल्लांची पोटं टम्म! मगरराव दिवसभर टेकडीवर अडकलेले, मग डोहावर होतं कोण?

दुसऱ्या दिवशी तिने तोच ठराव पुन्हा मांडला आणि मावशींना गाठलं.

"मावशी, तुमचं दगडांचं अर्धंच राहिलं हो."

आजवर त्यांना 'पुढे सांगा' असं कुणी म्हणालंच नव्हतं. त्या तुरुतुरु शिळेवर चढल्या.

मगरराव आधी खुशीत होते. चौथ्या दिवशी त्यांची पाठ भाजून निघाली. ठराव मान्य आहे, लगेच मतदान घ्या, म्हणून ते गयावया करू लागले. पण मावशी बोलत होत्या.

"अध्यक्षमहाराज, खाली बसा," साळू म्हणाली. "नियम आहे."

बाकीचे सभासद आळीपाळीने उठून पाणी पिऊन यायचे. ठराव रोज बाद व्हायचा. पाऊस आला तेव्हा मावशी एकशे बाराव्या दगडावर होत्या, आणि साळूची पिल्लं चांगली गुबगुबीत झाली होती.

तात्पर्य: चांगला कायदा व्हावा म्हणून उगाच जीव काढू नये. त्यावरची चर्चा संपणार नाही एवढं बघावं, आणि अध्यक्षांची जागा उन्हात ठेवावी.