साल्वादोर मास्तरांची हिरड्याची शाई

लेकीच्या, सँड्रीनाच्या लग्नाचा दिवस कळवणारं पत्र आपण घरी केलेल्या शाईनेच लिहिणार, असं साल्वादोर मास्तरांनी जाहीर केलं तेव्हाच त्यांच्या बायकोने, मारियानने, कपाळाला हात लावला. रिटायर झालेला ड्रॉइंग मास्तर म्हणजे दावं सुटलेला पाडाच हो! कुठल्याशा जुन्या पोथीतली कृती त्यांनी उतरवून आणली होती. हिरडा, हिराकस, डिंक. लोखंडी कढईत उकळा नि पंधरा दिवस मुरवा. पंधरा दिवस कोण थांबतो? ह्या गृहस्थाला पेज निवेपर्यंत धीर नाही! स्टीलच्या पातेल्यात तासभर उकळलं, गाळलं, झाली शाई.

वेंगुर्ल्याच्या व्याह्यांसाठी हातकागदाचा एकच ताव होता. मास्तरांनी टाक बुडवून 'सप्रेम नमस्कार' लिहिलं. उमटलं ते पातळ चहासारखं, आणि वाळलं तसं दिसेनासंच झालं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. मास्तर भडकले. दिसतच नाही, तर मनातलं तरी लिहू, म्हणून ऐसपैस अक्षरात लिहिलं, 'ग्लोरियाबायचा बेबिंका खाऊन माझी दाढ हलली.' ग्लोरियाबाय म्हणजे होणारी विहीण. नाताळात तिच्या घरी तो थराथरांचा गोड केक मारियानच्या धाकाने त्यांनी दोनदा मागून खाल्ला होता. लिहून जीव थंड झाला. कागद कोराच! मग त्यावरच बॉलपेनने नीट पत्र लिहिलं, आणि संध्याकाळी होणारा जावई ॲल्स्टन येऊन ते घेऊनही गेला.

सकाळी चहाचा कप उचलताना मास्तरांनी हात पाहिले. काल पिवळी असलेली बोटं काळीठिक्कर! टेबलावरचे शिंतोडेही काळे. ही शाई हवा लागली की काळी पडते, हे कृतीच्या दुसऱ्या पानावर होतं. दुसरं पान वाचतो कोण!

"गो, त्या पत्रात मिया एक वाक्य जास्तीचा लिवलंय," मास्तर चाचरत म्हणाले.

वाक्य ऐकून सँड्रीना रडायला लागली. मारियान एवढंच म्हणाली, "लगीन मोडला तर परत घरात येव नकात."

वेंगुर्ल्याच्या एसटीत जागा होती, तरी मास्तर उभेच. उभं राहिलं की गाडी लवकर पोचते, असं त्यांना वाटत होतं. घरात शिरले, तर ग्लोरियाबाय चष्मा लावून बसलेली, आणि समोर पत्र. निळ्या अक्षरांमागे दाढ ठसठशीत हललेली! मास्तरांनी हिरड्यापासून सगळं घडाघडा ओकून टाकलं आणि कान पकडले.

बाईंनी शांतपणे ऐकलं. आत जाऊन घडी घातलेला कागद घेऊन आल्या.

"लगीन ठरल्या दिवशीच होतला. पोरांचो काय दोष? आणि ह्या माजा उत्तर. आज काय दिसूचा नाय. फाल्यां सकाळी वाचा."

लग्न थाटात झालं. त्याला आता चार महिने होतील. मास्तर रोज पहाटे उठून तो कागद खिडकीपाशी उजेडाला धरतात. विहीणबाईंना विचारायची हिंमत नाही. काल तर त्यांनी त्यावर इस्त्रीसुद्धा फिरवून बघितली.