पिंपातलं इंजिन

बायकोने दुसऱ्यांदा विचारलं, "अहो, इंजिनाचे स्क्रू आवळलेत ना?" हेडक्लार्क ते आवळणारच होते. पण आता आवळले असते, तर तिच्या सांगण्यावरून आवळल्यासारखं दिसलं असतं. म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. (स्वाभिमान म्हणतात तो हाच.) होडी तळ्याच्या मध्यावर पोचली आणि मागे लावलेलं इंजिन, कुणालाही त्रास न देता, पाण्यात उतरलं.

गळ टाकून ते बाहेर काढलं, पण खरी पंचाईत पुढेच होती. इंजिन सासऱ्यांनी दिलेलं, आणि रविवारी सासरे याच होडीतून फेरी मारायला येणार होते. नवीन घ्यावं, तर त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. जुनं दुरुस्त करावं, तर ते चालेलच याची खात्री नाही.

मेकॅनिकने फोनवर बजावलं, की मी येईपर्यंत इंजिनाला हवा लागू देऊ नका, पाण्यातच असू दे, नाहीतर आतून गंज धरेल. झालं. इंजिन बाथरूममधल्या पिंपात विराजमान झालं आणि घरची माणसं खांद्यावर टॉवेल टाकून शेजारी आंघोळीला जाऊ लागली. शेजारीणबाई दार उघडायला रोज थोडा जास्त वेळ लावू लागल्या. बायकोचं मत तेव्हाच ठरलं: हे मोडीत काढा, नवीन आणा आणि बाबांना खरं सांगा. हेडक्लार्कांना यातली पहिली दोन कलमं मान्य होण्यासारखी होती.

शेवटी मेकॅनिक आला. इंजिन खोलून, पुसून, तेल बदलून म्हणाला, वाचलं असावं, तळ्यावर नेऊन बघा. पण तळ्यावर सासऱ्यांसमोर बघायचं? रविवारी सकाळीच हेडक्लार्कांनी पिंपावर फळी बांधली, तिला इंजिन अडकवलं आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. इंजिनाने एक ढेकर दिला. तिसऱ्यांदा ओढल्यावर मात्र पिंपातलं सगळं पाणी छताची भेट घेऊन आलं.

"चाललं!" धुरातून हेडक्लार्क ओरडले. बाथरूमच्या दारात सासरे उभे होते.

"बाबा, ते यांनी तळ्यात बुडवलं होतं," बायकोने सांगून टाकलं.

हेडक्लार्कांनी डोळे मिटून घेतले. सासरे मान तिरकी करून आवाज ऐकत राहिले.

"बुडूनही असं चालतंय? कमाल केलीत, जावईबापू. मी तर तुम्हाला नवीन घेऊन देणार होतो, दुकानात सांगूनही आलो." त्यांनी खिशातून फोन काढला. "थांबा, नको म्हणून कळवतो."

हेडक्लार्क इंजिन बंद पाडायला धावले. पण ते आता काही केल्या बंद पडेना.